शेवटच्या पंगतीचे मानकरी

माझ्या साडूच्या वडिलांना जेवताना पाहिलेला माणूस या पृथ्वीतलावर नव्हता. सख्ख्या बहिणीनं पाहिलं नव्हतं, पोटच्या मुलानं पाहिलं नव्हतं, आणि आयुष्यभर संसार करून पुढं गेलेल्या त्यांच्या बायकोनं तरी पाहिलं असेल की नाही, याबद्दल आमच्या घरात दोन मतं होती. तब्येत खणखणीत, चेहऱ्यावर तजेला, त्यामुळं अन्न पोटात जात असणार यात शंका नाही. पण ते कधी जातं आणि कसं जातं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पानं मांडली की हे उभे. 'तुम्ही बसा, मी आहे मागं,' एवढं एकच वाक्य, आणि हातात पळी. सगळ्यांची जेवणं आटोपून माणसं बडीशेप चघळत बाहेर गेली, की आतून एखादं ताट विसळल्याचा आवाज यायचा. त्यावरून त्यांचं जेवण झालं असं समजायचं.

आपल्या मराठीत नात्यांना शब्दांची कमी नाही, पण साडूच्या वडिलांना काय म्हणायचं हे काही कोणी ठरवून ठेवलेलं नाही. मी आपला त्यांना काका म्हणायचो. काका नाशिक जिल्ह्यातले, आणि पंचक्रोशीत लग्न कोणाचंही असो, कोठीवर काकाच. केटररला फोन करून मोकळ्या होणाऱ्या मंडळींना कोठी म्हणजे काय हे सांगायला हवं. लग्नघरातल्या एका खोलीत तूप, साखर, गूळ, डाळी आणि लाडवांच्या परड्या ठेवायच्या आणि दाराशी असा माणूस बसवायचा, की ज्याच्या हातून चमचाभर तूप उगाच जाणार नाही आणि ज्याच्या राज्यात एकही पाहुणा अर्धपोटी उठणार नाही. माणसाकडे एकदा बघितलं की तो किती खाईल हे काकांना कळायचं. माझ्या मेहुणीला बघायला ही मंडळी आली तेव्हा थोरला जावई म्हणून मी कोपऱ्यात गंभीर चेहरा करून बसलो होतो. काकांनी मुलीकडे धड पाहिलंही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे मात्र नीट निरखून पाहिलं आणि सासूबाईंना हळूच, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगितलं, "विहीणबाई, कणीक जरा वाढवून भिजवा." विहीणबाई म्हटल्यामुळं सासूबाईंनी लग्न ठरलं असंच धरलं, आणि ते ठरलंही. कणकेचा अंदाजही बरोबर निघाला, हे मला जड मनानं नमूद करावं लागतं.

लग्नात तर त्यांनी कहर केला. हे वरपिता. वरपित्यानं फेटा बांधून खुर्चीत बसायचं, मधूनमधून कशावर तरी नाराज व्हायचं आणि मुलीकडच्यांनी धावपळ करायची, ही आपली रीत. व्याह्यांच्या पंगतीत त्यांच्या पानाभोवती महिरप काढलेली, चांदीचं ताट मांडलेलं, उदबत्ती दरवळतेय, आणि पाट रिकामा. रुसले की काय, या धसक्यानं माझ्या सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शोधाशोध झाली. वरपिता फेटा खुंटीला अडकवून मुलीकडच्या कोठीत बसले होते आणि आमच्या माणसाला समजावत होते, "मठ्ठ्यात आता पाणी घालू नका हो, बँडवाले जेवायचेत अजून." सासऱ्यांनी हात जोडले. "रावसाहेब, पानावर चला." त्यावर काका म्हणाले, "तुम्ही बसा, मी आहे मागं." त्या लग्नाच्या व्हिडिओत आमच्याकडचे यच्चयावत लोक घास घेताना दिसतात, मी तर एकापेक्षा जास्त पंगतींत दिसतो. नवरदेवाच्या शेजारचं पान तेवढं शेवटपर्यंत तसंच दिसतं.

पुढं आम्ही दोघे साडू एकाच वाटेनं अमेरिकेत आलो. मी रेडमंडला आणि मिलिंद, म्हणजे माझा साडू, शेजारी बेलव्ह्यूला. दोन हजार चार साली काका सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे आले. विमानतळावर सामान यायच्या आधी त्यांनी आम्हां सगळ्यांची डोकी मोजली आणि सुनेला विचारलं, "सुवर्णा, घरी तांदूळ किती आहेत?" दोन दिवसांत त्या अपार्टमेंटमधल्या कपाटाची कोठी झाली. तिथल्या दुकानात तांदळाची पोती आणि तेलाचे डबे रचलेले पाहून त्यांना इतकं भरून आलं, की बाहेर काढताना पुरे झालं. समुद्र, डोंगर, उंच इमारती यांच्यावर त्यांनी शेरा असा मारलाच नाही. दुकानातून परतताना मात्र म्हणाले, "देश चांगला आहे. साठवण आहे."

त्यांना पटलं नाही ते एकच, पॉटलक. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या संमेलनात प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा, तो लांब टेबलावर ठेवायचा आणि ज्यानं त्यानं आपल्या हातानं वाढून घ्यायचं, हे बघून काका हबकले. "आणि यजमान कोण?" त्यांनी विचारलं. यजमान कोणीच नाही म्हटल्यावर एखाद्या अनाथाकडे बघावं तसं त्यांनी त्या टेबलाकडे पाहिलं, आणि श्रीखंडाच्या भांड्याजवळ जाऊन पळीचा ताबा घेतला. रांग अडली. मोठमोठ्या कंपन्यांतली मॅनेजर मंडळी थाळ्या पुढं करून उभी आणि काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कोणाला पळीभर, कोणाला अर्धी असं वाढताहेत. एकानं तक्रार केली, "काका, थोडं अजून." काका म्हणाले, "मागं बघा, किती माणसं आहेत. उरलं तर मी स्वतः आणून देईन." उरलं, आणि त्यांनी खरंच शोधत जाऊन दिलं. खुर्च्या लावणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या पोरांना दर वेळी रिकामं भांडं चाटावं लागायचं. त्या दिवशी मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच शेवटच्या माणसाच्या थाळीत श्रीखंड पडलं. त्यानंतर मंडळाच्या कार्यक्रमाची तारीख काकांना विचारून ठरू लागली.

हे सगळं आम्हाला गमतीचं होतं, मिलिंदला नव्हतं. जुलै संपत आला तसा तो गप्प गप्प राहायला लागला. एका शनिवारी आमच्या गॅरेजमध्ये टायरची हवा बघता बघता तो मला म्हणाला, "यार, नेक्स्ट वीक बाबांची फ्लाइट आहे. सहा महिने मी ऑफिसातून लवकर आलो, टेबल लावलं, चेअर ओढून दिली. एकदा बसले नाहीत रे. लहानपणी नाही, लग्नात नाही, इथंही नाही. मला एकदाच त्यांच्या शेजारी बसून जेवायचंय. त्यांचे गुडघे बघतोस ना? पुन्हा येणार नाहीत ते." मी एरवी अशा प्रसंगी काहीतरी विनोद करतो. तेव्हा मी चारही टायरची हवा पुन्हा एकदा तपासली.

मग मिलिंदनंच युक्ती काढली. काकांना घरापासून इतकं लांब न्यायचं, की हात घालायला स्वयंपाकघरच मिळणार नाही. डोंगर ओलांडून पूर्वेला चार-पाच तासांवर एक गाव आहे, वाला वाला. तिथला गोड कांदा नावाजलेला, आणि तो पिकवणारी जुनी घराणी इटलीहून आलेली. कांद्याचं नाव काढल्यावर नाशिकचा माणूस नाही म्हणणार नव्हता. तिथं एक इटालियन कुटुंब आपल्या घराच्याच पुढच्या भागात हॉटेल चालवतं, असं मिलिंदला ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं. "हॉटेलात काय करतील? झक मारत बसावंच लागेल," असं तो म्हणाला आणि नकाशाचे कागद छापून आम्ही मिनी व्हॅननं निघालो. मी, माझी बायको, मिलिंद, सुवर्णा, त्यांची सात वर्षांची सई आणि काका. वाटेत काकांनी डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या सगळ्यांना वाटल्या. स्वतः खाल्ल्या असतील तर त्या आम्ही पेट्रोल भरत असताना.

हॉटेल म्हणजे एक बसकं लाकडी घर होतं. आत लग्नामुंजीचे असावेत तसे फोटो भिंतभर लावलेले, आणि लसूण-कांदा तेलात परतल्याचा वास असा, की मी मेन्यू न बघता सगळ्याला होकार दिला. मेन्यू नव्हताच फारसा. गल्ल्यावरचा पन्नाशीचा मालक आज काय केलंय ते तोंडी सांगायचा, त्याची बायको आत रांधायची, आणि त्याची ऐंशीच्या घरातली आई फुलाफुलांचा एप्रन बांधून, काखेत पातेलं धरून टेबलांमधून फिरायची. त्यांच्यात आजीला नोना म्हणतात. तिथं जेवायला आलेला गावचा पोलीसही तिला नोनाच म्हणत होता. कोणाची प्लेट रिकामी दिसली की नोना न विचारता त्यात डाव घालायची. पोलिसानं प्लेटवर दोन्ही हात आडवे धरले, तर तिनं त्याच्या मनगटावर डाव आपटला, हात हलला आणि तेवढ्यात वाढून मोकळी झाली.

काका हे बघत होते. त्यांचे डोळे चमकायला लागले. "मिलिंदा," ते म्हणाले, "ही बाई कोठीवरची आहे रे."

"बाबा, तुम्ही बसा," मिलिंद म्हणाला. त्यानं खांद्याला धरून त्यांना आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. काका टेकले, पण कडेवर, बस थांबली की उतरायचंय अशा बेतानं. आमची ताटं आली. पास्ता, वांग्याचं काहीतरी, भाजलेले कांदे, पाव. मी सुरुवात केली. मेहुणी, बायको, सई यांनीही केली. काकांनी ताटाला हात लावला नाही.

नोना आली. "ईट, ईट!" तिनं फर्मावलं.

काकांनी तिच्याकडे बोट केलं. "यू? ईटिंग डन?"

"मी? आफ्टर! एव्हरीबडी, देन मी."

"देन मी ऑल्सो आफ्टर," काका म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसले.

नोनाला वाटलं, यांना पदार्थ आवडला नाही. तिनं प्लेट उचलली आणि दुसरी आणली. तीही तशीच राहिली. मग तिसरी आली. काकांसमोर प्लेटा साचत चालल्या. अन्न वाया जाऊ नये या एकाच उदात्त हेतूनं मी त्या एकेक करून माझ्याकडे ओढत होतो. शेवटी नोनाचा चेहरा उतरला आणि तिचा मुलगा गल्ला सोडून आला. आई विचारतेय, जेवणात काय चुकलं, असं त्यानं मिलिंदला विचारलं. मिलिंदनं खरं ते सांगितलं. माझे वडील वाढणाऱ्यांच्या आधी जेवत नाहीत, कधीच नाही. मुलगा हसायला लागला. म्हणाला, मग कठीण आहे. आम्ही घरचे तीन वाजता दार बंद करून जेवतो, आणि आईला त्याआधी बसवायला मला या जन्मी जमलेलं नाही.

काकांना हे भाषांतर करून सांगितल्यावर ते खूश झाले. "बरोबर आहे तिचं. थांबतो मी तीनपर्यंत. तुम्ही बसा, मी आहे मागं."

मिलिंदनं काटा खाली ठेवला. इतका वेळ आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण त्याचीही प्लेट तशीच होती. त्याचा आवाज चढला. "नेहमी हेच, बाबा! पहिल्या पंगतीत तुम्ही मला बसवता आणि स्वतः गायब. मला काय आठवतं सांगू? वाढणारा हात. नुसता हात आठवतो मला तुमचा."

सईनं घाबरून विचारलं, "डॅड, आर यू मॅड ॲट आजोबा?"

"नाही," मिलिंद म्हणाला. मग त्यानं आपली प्लेट माझ्याकडे सरकवली. "आज मीही मागं. तुमच्याबरोबर."

"अरे, सकाळपासून गाडी चालवतोयस, तुला भूक..." काका गडबडले. भुकेच्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकलेला मी तेवढा एकदाच पाहिला. मिलिंद उठून उभा राहिला होता. त्यांनी त्याच्याकडे वर पाहिलं. मग तेही उठले आणि नोनाला खुणेनं म्हणाले, "कम, कम. वुई हेल्प."

पुढचा तासभर वाला वालामधल्या त्या हॉटेलात जे जेवले असतील त्यांच्या ते स्मरणात राहिलं असेल. एप्रन बांधलेले काका पावाची टोपली घेऊन फिरत होते आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून एक तुकडा किंवा दोन ठेवत होते. माझा साडू, ज्याच्या हाताखाली दहाबारा इंजिनिअर काम करायचे, तो त्यांच्या मागोमाग जगमधून पाणी घालत होता. नोना आधी साशंक होती. काकांनी पोलिसाच्या प्लेटमध्ये नजर चुकवून पाव टाकला तेव्हा तिनं मान डोलावली, आणि तिथून दोघांचं जमलं. ती तिच्या भाषेत बोलायची, हे मराठीत. कोणाचं काही अडलं नाही.

तीन वाजता दाराची पाटी उलटी झाली. स्वयंपाकघरालगतच्या टेबलावर घरचं पातेलं आलं, गिऱ्हाइकांना न मिळणारं. नोना, तिचा मुलगा, सून, काका आणि मिलिंद टेबलाभोवती जमले, आणि बसेना कोणीच. नोना वाढायला उभी. काका म्हणतात, तुम्ही बसा, मी वाढतो. सून म्हणते, सासूबाई बसल्याशिवाय मी कशी बसू? असं सगळं घरच मागच्या पंगतीचं.

शेवटी काकांनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबुवा, वाढप्यांच्या पंगतीला ज्याचं जेवण झालंय त्यानं वाढायचं असतं. तुमचं तर चांगलंच झालंय."

माझ्या बायकोला हसू आवरेना. माझा आणि पळीचा संबंध आजवर दुसऱ्या बाजूनं आलेला. पण मी एप्रन बांधला. पातेल्यात राजम्यासारखे मोठे पांढरे दाणे आणि कणकेचे छोटे तुकडे घट्टसर रश्शात शिजवलेले होते. मांसबिंस काही नाही ना, हे मिलिंदनं विचारून घेतलं. मी पहिल्यांदा नोनाला वाढलं, मग क्रमानं सगळ्यांना. काकांनी मिलिंदच्या प्लेटमध्ये किती पडलं ते पाहिलं, पातेल्यात किती उरलं ते पाहिलं, आणि मग चमचा उचलला.

पहिला घास घेऊन ते थांबले. "ही तर वरणफळं," ते म्हणाले. मग मान खाली घालून, डोळे मिटून, लहान मुलासारखे मचमच आवाज करत जेवत राहिले. मी पुन्हा वाढायला गेलो तर त्यांनी प्लेटवर हात आडवा धरला. मी नोनाकडे पाहिलं. तिनं खूण केली, आणि मी काकांच्या मनगटावर पळी टेकवून वाढलं.

"तुम्हाला वरणफळं आवडतात?" मिलिंदनं विचारलं. चाळिशीला आलेला माणूस बापाला हे विचारत होता.

"फार," काका म्हणाले. "आमच्याकडे घरात काही नसलं की व्हायची. आई सगळ्यांना वाढून शेवटी बसायची. तिच्या पानात काय पडतं ते आम्ही कधी पाहिलंच नाही. एकदा पाणी प्यायला उठलो, तर ती पातेलं खरवडत होती. पातेल्यात काही नव्हतं रे." त्यांनी चमच्यानं प्लेटची कड निपटली. "तेव्हापासून म्हटलं, शेवटी आपण बसावं. शेवटच्याला काय उरतं ते आपल्याला कळलं पाहिजे."

नोनाला यातलं अक्षर कळलं नसणार. तिनं आपल्या प्लेटमधला पावाचा तुकडा मोडून काकांच्या प्लेटमध्ये ठेवला. त्यांनी तो खाल्ला. मिलिंद त्यांच्या अगदी खांद्याला खांदा लावून बसला होता आणि जेवणापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत होता.

पुढच्या आठवड्यात काका मायदेशी परतले, आणि मिलिंद म्हणाला होता तसे पुन्हा आले नाहीत. फोनवर मात्र नोनाची चौकशी करायचे. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात गावी एका लग्नातून परतल्यावर रात्री झोपेत गेले. शेवटच्या पंगतीला बसून गेले होते, असं कोणीतरी सांगितलं. जेवताना पाहिलेलं अर्थात कोणी नव्हतं.

वर्षश्राद्ध मिलिंदनं बेलव्ह्यूत केलं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं करायचं, तेव्हा आपल्याला ठाऊक नसलेलं आणखी काही असेल म्हणून त्यानं गावी आत्याला फोन लावला. आत्या गोंधळली. म्हणाली, "दादाला काय आवडायचं? अरे, तो बसला कधी आमच्यात? श्रीखंड कर, सगळ्यांना चालतं." सगळ्या गोतावळ्यात काकांची आवड सांगू शकणारी माणसं बेलव्ह्यू-रेडमंडमध्येच होती. मिलिंदनं सकाळपासून खपून वरणफळं केली, आणि त्यात मूठभर पांढरे दाणे घातले. श्राद्धाला वरणफळं केल्याचं कळल्यावर आत्या आठवडाभर बोलली नाही.

काकांचं पान मांडलं. शेजारी आम्हा सगळ्यांची. मी सवयीनं पहिला बसलो. मिलिंद उभाच होता.

"तू बस ना," मी म्हटलं.

"तुम्ही बसा," तो म्हणाला. "मी मागं बसतो, बाबांबरोबर."

आम्ही जेवलो. आटोपल्यावर मिलिंद वडिलांच्या पानाशेजारी येऊन बसला. मी हात धुऊन आत गेलो, एप्रन बांधला आणि पातेलं घेऊन बाहेर आलो. आधी काकांच्या पानावर वाढलं, मग मिलिंदच्या. पातेल्यात पुष्कळ उरलं होतं. मी ते जरा कलतं धरून काकांच्या पानाकडे दाखवलं आणि दोघांनाही पुन्हा एकदा आग्रह करून वाढलं.